पितळेचा बुद्ध आणि त्याचा उजवा हात

आमच्या पुण्याच्या ऑफिसात, माझ्या एका मजल्यावर, एकूण चौदा बुद्ध आहेत. (रिलीजच्या रात्री बिल्ड चालू असताना माणूस काय काय मोजतो!) त्यातले नऊ ढेरपोटे आणि हसरे, मॉनिटरखाली ठेवलेले. चार म्हणजे नुसती डोकी, मान संपली की लाकडी ठोकळा. आणि रिसेप्शनला एक हातभर उंचीचा पितळी बुद्ध, पद्मासनात, समोर उरळीत तरंगणारी प्लास्टिकची फुलं. बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बघून 'व्हेरी पीसफुल' म्हणतो आणि मग व्हिजिटर रजिस्टरवर सही करतो.

यातल्या नऊ ढेरपोट्यांपासून सुरुवात करू, कारण ते गौतम बुद्ध नाहीतच. दहाव्या शतकाच्या सुमाराला चीनमध्ये बुदाई नावाचा एक भिक्खू होऊन गेला असं परंपरा सांगते. खांद्यावर पोतडी, सुटलेलं पोट, पोरांच्या घोळक्यात हिंडणारा. त्याच्या मागे लोक त्याला मैत्रेयाचा अवतार मानायला लागले. मैत्रेय म्हणजे अजून व्हायचा असलेला, पुढच्या काळातला बुद्ध. तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो, वगैरे नियम गिफ्टच्या दुकानांनी लावलेले. त्यांचा त्रिपिटकाशी संबंध नाही. पण मैत्रेय हे नाव लक्षात ठेवा. पुढे तो कोकणात भेटणार आहे, आणि तिथे त्याचं पोट अगदी सपाट आहे.

डोक्यांची गोष्ट जरा वाईट आहे. बुद्धाचं नुसतं डोकं घडवावं अशी कुठल्याही बौद्ध देशाची जुनी रीत नाही. गांधार, अंकोर, जावा इथल्या मूर्तींची डोकी तोडून नेली गेली. अख्खी मूर्ती बोटीत घालणं कठीण, डोकं पेटीत मावतं. ती युरोप-अमेरिकेतल्या म्युझियममध्ये आणि दिवाणखान्यांत चौथऱ्यावर बसवली गेली, लोकांना तेच दिसत राहिलं आणि मग तसंच 'डिझाइन' झालं. थायलंडमध्ये आज बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायची तर सरकारी कला विभागाची परवानगी लागते, आणि बुद्धाचं डोकं शोभेला ठेवू नका असं सांगणारे फलकही तिथे दिसतात. आपल्याकडे ते मॉलमध्ये उदबत्तीच्या स्टँडसकट मिळतं.

राहिला रिसेप्शनचा पितळी बुद्ध. मला लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

आधी धातूचं बोलून घेऊ. मी लोट्याचा. लोटे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, मुंबई-गोवा हायवेवर, खेड आणि चिपळूणच्या मधे, परशुराम घाटाच्या अलीकडे. लोकांना ते एमआयडीसीमुळे आणि तिथल्या केमिकल कंपन्यांमुळे माहीत. त्यामुळे आमच्याकडे शेजारपाजारचे काका लोक डिस्टिलेशन, रिअॅक्टर, बॉइलिंग पॉइंट हे शब्द भाजीच्या भावासारखे वापरतात. तर अशा गावच्या माणसाला पितळ समजायला वेळ लागत नाही. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ. तांबं अधिक कथील म्हणजे कासं, ज्याला इंग्रजीत ब्राँझ म्हणतात. आता गंमत बघा. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. जस्त ९०७ अंशालाच उकळून वाफ होतं. म्हणजे जस्ताच्या दगडातून भट्टीत जस्त काढायला जावं तर हाती काहीच लागत नाही, सगळं धुराड्यातून पसार. म्हणून जुने लोक वेगळं करायचे. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा एका बंद मुशीत घालून तापवायचे. जस्ताची वाफ बाहेर न जाता तांब्यातच मुरायची. या रीतीने साधारण तीस टक्क्यांच्या वर जस्त जात नाही. जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती राजस्थानात झावरच्या खाणींवर साधली गेली, आणि ती जगातल्या पहिल्या काही मोठ्या जस्त-भट्ट्यांपैकी आहे. काश्मीरच्या जुन्या बुद्धमूर्ती, ज्यांना सगळे सरसकट ब्राँझ म्हणतात, त्या खरं तर बऱ्याचशा पितळेच्या आहेत. नेपाळात तांबंच जास्त, वरून सोन्याचा मुलामा. या घोळामुळे हल्ली म्युझियमवाले 'तांब्याचा मिश्रधातू' असं लिहून मोकळे होतात. मीही खाली ब्राँझ हा शब्द ढोबळच वापरणार आहे.

ओतकामाची दख्खनी कृतीही लिहून ठेवलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बारावं शतक, ग्रंथ 'मानसोल्लास'. त्यात मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर बारीक मातीचे लेप द्यायचे, वाळवून तापवायची, मेण वितळून बाहेर, आणि त्या पोकळीत धातू, अशी सगळी रीत आहे. पितळ किंवा तांबं घ्यायचं ते मेणाच्या वजनाच्या साधारण आठपट, चांदी-सोन्याला त्याहून जास्त. मी लगेच कॅलक्युलेटर काढला. पितळेची घनता ८.५, मेणाची ०.९६ च्या आसपास. भागाकार जवळजवळ नऊ. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाला शंभर टक्के मार्क नाहीत, पण फर्स्ट क्लास नक्की! आणि धातू थंड झाला की मातीचा साचा फोडावा लागतो. एका साच्यातून एकच मूर्ती. रिसेप्शनचा आमचा बुद्ध असा झालेला नाही. तो बहुधा मुरादाबादचा. तिथे वाळूच्या साच्यात एकामागून एक ओततात, मग घासतात आणि काळा पडू नये म्हणून लाखेचा पारदर्शक थर देतात. तिथल्या कारागिरांत मुसलमान खूप आहेत. त्यांच्या हातून बुद्ध, गणपती, नटराज आणि फुलदाण्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. मला याचं काही वाईट वाटत नाही. उलट बरं वाटतं.

आता सोपारा.

आजचं नालासोपारा. व्हिरार लोकलमधे ज्याच्या नावाने घाम फुटतो ते. पण हजार-दोन हजार वर्षांपूर्वी हे शूर्पारक नावाचं कोकणातलं मोठं बंदर होतं, अपरांताचं मुख्य ठिकाण. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला. पाली परंपरेत इथल्या पुण्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. हा भिक्खू होऊन आपल्या आडदांड मुलखात परत जायला निघाला, तेव्हा बुद्धाने त्याला विचारलं, तिथले लोक शिव्या देतील, तेव्हा काय करशील? तो म्हणाला, मारलं तर नाही ना, असं म्हणेन. आणि मारलं तर? दगडाने तर मारलं नाही, म्हणेन. असं वाढवत वाढवत प्रश्न जीव घेण्यापर्यंत जातो आणि याचं उत्तर त्याच चालीत येतं. कोकणी माणसाचा हा पहिला लिखित इंटरव्ह्यू असावा. आणि त्यात कोकणी लोक फार भांडखोर असल्याची नोंद आहे, हेही नमूद करतो.

इथे गावात एक टेकाड होतं. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. भगवानलाल हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र लेख आहे. जुनागडचा, इंग्रजी शिक्षण जवळपास नाही, गिरनारचा शिलालेख वाचायच्या नादाने लिप्या शिकला, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे कामाला लागला आणि देशभर लेख उतरवत हिंडला. कोकणातल्या कितीतरी लेण्यांतले लेख पहिल्यांदा नीट वाचले ते त्याने. असो. ते टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. पोटात दगडाची एक गोल पेटी. झाकण उचललं तर आत मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय असेल? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते पुजले गेले असावेत असं भगवानलालांनी मांडलं. पाच डब्यांच्या आत, सोन्यात गुंडाळून, मातीचं खापर! सोन्याची लहान लहान फुलं होती, आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं होतं.

आणि त्या करंडकाभोवती, कडेने गोल करून, आठ ब्राँझ मूर्ती बसवल्या होत्या. वितीपेक्षाही लहान. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय.

सात का? आपल्याला एकच बुद्ध माहीत असतो. पण परंपरा म्हणते गौतम सातवा. त्याच्या आधी विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप असे सहा होऊन गेले. प्रत्येकाचं बोधीचं झाडसुद्धा वेगळं: कुणाचा शिरीष, कुणाचा उंबर, कुणाचा वड, गौतमाचा पिंपळ. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात दारावरच्या पट्टीवर हेच आठ जण ओळीने रंगवलेले आहेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा आत घुसायची घाई न करता वर बघा. या कल्पनेमागची शिकवण मला फार आवडते. बुद्धाने स्वतःबद्दल असं म्हटल्याचं सांगतात की, रानात भटकणाऱ्या माणसाला एखादी जुनी, झाडोरा माजलेली वाट दिसावी, तिने गेल्यावर एक उजाड पडलेलं जुनं नगर लागावं, तसा मला हा मार्ग सापडला. मी तो तयार केला नाही. वाट आधीची आहे, अधूनमधून बुजते आणि कुणीतरी पुन्हा मोकळी करतो. म्हणून सात. आणि परत बुजणारच, म्हणून आठवा.

आता कोडं असं की नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्ती, त्यांच्या घडणीवरून, आठव्या-नवव्या शतकातल्या. मधे सहाशे-सातशे वर्षांचा फरक. म्हणजे स्तूप आधीचा, आणि नंतर कुणीतरी तो उघडला, करंडकाला धक्का न लावता भोवती या आठ मूर्ती ठेवल्या आणि परत बंद केला. दुरुस्ती निघाली असेल तेव्हा. तो काळ कोकणात अशा दुरुस्त्यांचा होताच. कान्हेरीला नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले लेख आहेत. त्यात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या एका उपासकाने शंभर द्रम्म दिल्याची नोंद आहे.

मी त्या आठ मूर्तींचे फोटो खूप वेळ बघत बसलो होतो. (मूळ वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.) इतक्या बारीक कामाच्या मूर्ती. प्रत्येकाच्या अंगावरचं चीवर वेगळं केलेलं, हातांच्या मुद्रा वेगवेगळ्या. आणि हे सगळं कुणी बघावं म्हणून नव्हतंच. दगडी झाकण लागलं की काळोख. हजार-अकराशे वर्षं त्यांना कुणी बघितलं नाही, आणि ज्यांनी ठेवल्या त्यांनाही कुणी बघणं अपेक्षित नव्हतं. कारण या मूर्ती म्हणजे दान. देताना दानाचं काम पूर्ण झालं. त्या काळातल्या मूर्तींच्या पायथ्याशी बऱ्याचदा लेख असतो की हे अमक्याचं देयधर्म आहे, यातून जे पुण्य होईल ते आईवडलांना आणि सगळ्या जिवांना ज्ञान मिळण्यासाठी असो. म्हणजे मूर्तीपुढे उभं राहून मागायचं काही नाही. मूर्ती करून देऊन टाकायची आणि त्याचं पुण्यही देऊन टाकायचं.

याच मूर्तींवर आणि मातीच्या शिक्क्यांवर आणखी एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. कान्हेरीच्या शिक्क्यांवरही आहे. चार ओळींची एक गाथा. तिची गोष्ट अशी की सारिपुत्त, जो पुढे बुद्धाचा पट्टशिष्य झाला, त्याला रस्त्यात अस्सजी नावाचा भिक्खू भेटला. सारिपुत्ताने विचारलं, तुझा गुरू शिकवतो काय? अस्सजी म्हणाला, मी नवीन आहे, विस्ताराने येत नाही, थोडक्यात सांगतो. आणि त्याने एवढंच सांगितलं की जे जे कारणातून उपजतं त्याचं कारण तथागताने सांगितलंय, आणि ते कसं थांबतं तेही सांगितलंय. संपलं. यात देव नाही, आत्मा नाही, प्रार्थना नाही. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला काही पडलं की रूट कॉज शोधतात, कुणाच्या नशिबाला दोष देत नाहीत. मला हे वाचून पहिल्यांदा तेच आठवलं. लोकांनी धर्माचं सार म्हणून ही गाथा निवडली आणि धातूवर कोरली, मातीत ठशाने उमटवली, स्तूपात भरून ठेवली. बुद्धाच्या शरीराचा अवशेष मिळाला नाही तरी चालेल, हे वाक्य म्हणजेच अवशेष, अशी समजूत होती.

आणि हे सगळं सुरू झालं मूर्तीशिवाय, हे विसरायला नको. कोकणातल्या सुरुवातीच्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नाही. साधा स्तूप, दगडी बाक आणि पाण्याचं टाकं. मूर्ती नंतर आली. जुन्नरच्या एका लेखात तर दानाची रक्कम बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. कासकार म्हणजे कासं घडवणारा, आपल्या 'कासार' या शब्दाचा पूर्वज. म्हणजे कासार या धर्माला आधी बँक म्हणून उपयोगी पडले, मूर्तिकार म्हणून नंतर.

आता आमच्या घरचं सांगतो, कारण पितळेचा पुढचा टप्पा तिथे आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला चौपाटीवर अंत्यविधी झाला, तेव्हा भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जमलेल्या लाखभराहून जास्त लोकांना धम्मदीक्षा दिली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. अठरा-एकोणीस वर्षांचे, मुंबईत नवे. मग शिमग्याला गावी आले तेव्हा त्यांनी आणि भावकीने मिळून घरातले देव काढले. देव म्हणजे टाक. पितळेचे, एखाददुसरा चांदीचा, बोटाएवढे, पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकवाने झिजून नाकडोळे सपाट झालेले. ते सगळे फडक्यात बांधून जगबुडीच्या पाण्यात सोडले. पणजी दोन दिवस जेवली नाही, असं आजोबा सांगायचे. नुसतं हसून नाही सांगायचे, थोडं थांबून सांगायचे. महाराष्ट्रात त्या वर्षी हजारो घरांतून असे देव बाहेर पडले. मग भिंतीवर दोन फोटो आले, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा, आणि आमच्या घरी पुढची तीसेक वर्षं फोटोच होते. मूर्ती नव्हती. कोनाडा रिकामा. पहिल्या शतकातल्या लेण्यांसारखंच म्हणा ना.

पितळी बुद्ध बाबांनी आणला. शिवाजी पार्कला ६ डिसेंबरला पुस्तकांचे आणि मूर्तींचे स्टॉल लागतात, तिथून. आजोबांना पटलं नव्हतं. देव काढून परत देव आणलास काय, म्हणाले. यावर घरात जी चर्चा झाली ती मी लहान असल्यामुळे मला सांगोवांगीच माहीत आहे. पण तोडगा असा निघाला की नारळ नाही, नैवेद्य नाही, नवस नाही. मेणबत्ती, उदबत्ती, फूल. फूल कोमेजतं ते बघायला. आणि ही पळवाट नाही. फूल वाहताना म्हणायच्या पाली गाथेत अर्थ तोच आहे की हे कोमेजतं तसं हे शरीरही. आई त्या मूर्तीला दर पौर्णिमेला आमसुलाच्या पाण्याने घासते. कोकणातली दमट हवा, पंधरा दिवसांत पितळ काळवंडतं. मी एकदा लॅकर लावून देतो म्हटलं, म्हणजे परत घासायला नको. ती म्हणाली, बुद्ध झाला म्हणून काय झालं, पितळ आहे, घासावं लागणारच. अनित्यतेवर मी याहून जास्त सोपं काही वाचलेलं नाही, आणि तिला हे सांगितलं तर ती मलाच घासायला बसवेल.

आता तो हात. रिसेप्शनच्या बुद्धाचा, आमच्या घरच्या बुद्धाचा, आणि बाजारातल्या निम्म्याहून जास्त पितळी बुद्धांचा उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला असतो आणि बोटं जमिनीला लागलेली. याला भूमिस्पर्श मुद्रा म्हणतात. पाहुणे जिला पीसफुल म्हणतात ती मूर्ती खरं तर एका भांडणाच्या ऐन मधला क्षण आहे. सिद्धार्थ पिंपळाखाली बसलाय, ज्ञान व्हायचंय, आणि मार आपलं सैन्य घेऊन आलाय. शस्त्रं चालत नाहीत, मोह चालत नाही. मग मार शेवटचा डाव टाकतो. म्हणतो, ऊठ, ही जागा माझी आहे. तुझा इथे बसायचा अधिकार काय? माझ्या बाजूने साक्ष द्यायला हे सगळं सैन्य आहे. तुझा साक्षीदार कोण? सिद्धार्थाबरोबर कुणीच नसतं. तो वाद घालत नाही. उजवा हात खाली नेतो आणि जमिनीला स्पर्श करतो. ही साक्षीदार. आणि पृथ्वी हादरून साक्ष देते.

या गोष्टीतला माराचा प्रश्न मला गोष्टीतला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट बघत होतो. एजंटने सगळं ठरवलं, टोकन दिलं. सोसायटीच्या लॉबीत कारंजं आणि त्यात पितळी बुद्ध, हाच, हात जमिनीला लावलेला. मालक भेटले. गाव विचारलं. लोटे म्हटल्यावर खूश, म्हणाले आम्हीही तिकडचेच, चिपळूणजवळचे. मग म्हणाले, लोट्यात कुठली वाडी?

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गावात वाड्या असतात आणि वाडी सांगितली की जात सांगितली. मी सांगितली. बौद्धवाडी. चहा पूर्ण झाला. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला की मालकांचे भाचे येणार आहेत राहायला. टोकन परत मिळालं, त्यात काही गैर झालं नाही. लॉबीतला बुद्ध त्यांना चालत होता. शांत वाटतं म्हणे.

म्हणून मला शोभेच्या बुद्धाचा राग येत नाही, पण त्याला शांततेचा सिंबॉल म्हटलं की हसू येतं. तो हात म्हणजे 'मी इथेच बसणार' असं म्हणणाऱ्या माणसाचा हात आहे. ते घडलंय बोधगयेला, पण २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर ओंजळ खाली गेली तेव्हाही प्रश्न तोच होता, की तुमचा इथे अधिकार काय. महाड आमच्यापासून हायवेने सरळ वर, तास-सव्वा तासावर. हायवेवरून जाताना डाव्या-उजव्या डोंगरात लेणी दिसतात, आणि गावात तळं आहे.

लोट्याच्या जवळात जवळ ही मुद्रा जुन्या दगडात बघायची तर पन्हाळेकाजीला जावं लागतं. दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठाला एकोणतीस लेणी. १९७० च्या आसपासपर्यंत संशोधकांना माहीतच नव्हती. तिथे एक ताम्रपट सापडला, शिलाहारांचा, ११३९ चा, त्यात 'प्रणालक' हे या जागेचं जुनं नाव होतं, आणि मग म. न. देशपांडे यांनी तिथे काम करून पुरातत्त्व खात्यासाठी सविस्तर ग्रंथ लिहिला. सुरुवात साध्या जुन्या बौद्ध लेण्यांची. मग दहाव्या-अकराव्या शतकात तिथे वज्रयानी आले आणि त्यांनी अक्षोभ्याची मूर्ती बसवली. अक्षोभ्य म्हणजे जो ढळत नाही तो, आणि त्याची खूण म्हणजे हाच जमिनीला लागलेला हात. त्यानंतर लेणी नाथपंथीयांकडे गेली, मत्स्येंद्रनाथ आले, चौऱ्याऐंशी सिद्ध कोरले गेले. वाट बुजली ती इथे, अशी हळूहळू. कुणी तोडफोड केली म्हणून नव्हे, तर माणसं बदलली, नावं बदलली आणि जुनं काय होतं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जो धर्म सोपाऱ्याच्या पेटीत झाकणाखाली गेला आणि पन्हाळेकाजीत नाथांच्या खाली, तो ज्यांच्या वाड्या गावाबाहेर होत्या त्यांनी बाहेर काढला. या मधल्या आठशे वर्षांत इथल्या कासार-तांबटांनी हजारो मूर्ती घडवल्या असतील, बुद्धाची कुणी मागितली नसेल.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा, नदीकाठचा रस्ता तेव्हा बरा असतो. खेडहून दापोलीचा रस्ता धरायचा आणि वाकवलीला फुटायचं. बॅटरी न्या, आतल्या मूर्ती मोबाइलच्या उजेडात नीट दिसत नाहीत. जेवणाची सोय घरून. आणि सोपारा करायचं असेल तर नालासोपारा पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप सांगा. तिथे आता विटांचं बांधकाम आहे आणि झाडं आहेत, बुद्ध पौर्णिमेला गर्दी असते. बाकीच्या दिवशी पोरं क्रिकेट खेळतात.